नवा आवाज, जुना टीव्ही: एकाच सिग्नलमध्ये दोघांचं कसं भागवतात

आमच्याकडे मॅच लागली की एक भांडण ठरलेलं असतं. आईला कॉमेंट्री नीट कळत नाही म्हणून ती आवाज वाढवायला सांगते, आवाज वाढवला की स्टेडियममधला गोंगाटपण तेवढाच वाढतो, मग बाबा आतून ओरडतात की अरे शेजारी माणसं राहतात, आणि धाकटा भाऊ म्हणतो कॉमेंट्रीच बंद करा ना, नुसता बॅटवर बॉल लागल्याचा आणि पब्लिकचा आवाज ऐकू द्या, मैदानात बसल्यासारखं वाटतं. मला तिघांचंही पटतं. पण रिमोटवर आवाजाचं बटण एकच, ते दाबलं की सगळंच वर जातं नाहीतर सगळंच खाली येतं.

खरं तर कॉमेंटेटरचा माईक वेगळा असतो, पब्लिकचे माईक वेगळे, स्टंपमधला माईक वेगळा. मैदानाबाहेर ओबी व्हॅन, म्हणजे प्रसारणाची गाडी, उभी असते, त्यात बसलेला साउंड इंजिनिअर हे सगळे माईक मिक्सरवर घेतो, त्याला बरं वाटेल त्या प्रमाणात एकत्र करतो, आणि डाव्या स्पीकरसाठी एक, उजव्यासाठी एक असे दोन तयार आवाज पुढे पाठवतो. एकदा मिसळलं की मिसळलं. मी स्वतः नाटकांचं आणि छोट्या डॉक्युमेंटरींचं साउंडचं काम करतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार टोचते, कारण मी मिक्स करतो चांगल्या स्पीकरवर, बंद खोलीत, माझ्या चाळिशीतल्या कानांनी, आणि ते ऐकणारी सत्तरीची बाई ऐकते टीव्हीच्या पाठीमागे दडवलेल्या बोटभर स्पीकरवर, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी चालू असताना.

ऑब्जेक्ट-बेस्ड ऑडिओ म्हणतात ते यावरच उत्तर आहे. लग्नाच्या पंगतीत मीठ, लिंबू, चटणी पानात डाव्या बाजूला वेगळी वाढतात बघा, ज्याला जेवढं हवं तेवढं तो घेतो, आचाऱ्याला विचारायला जावं लागत नाही. तसंच इथे कॉमेंट्री हा एक ऑब्जेक्ट, पब्लिकचा आवाज हा एक (त्याला बेड म्हणतात, कारण बाकीचं त्यावर पसरायचं), दुसऱ्या भाषेतली कॉमेंट्री हा अजून एक, आणि सोबत एक चिठ्ठी, म्हणजे मेटाडेटा. त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं की हा आवाज कुठून यायला हवा, किती मोठा हवा, आणि ऐकणाऱ्याला तो किती कमी-जास्त करायची मुभा आहे. शेवटचं मिक्सिंग तुमच्या घरातला टीव्ही किंवा फोन करतो, तुम्ही सांगाल तसं.

हे काही स्वप्न नाहीये. २०११ मध्ये विम्बल्डनच्या वेळी बीबीसीने रेडिओ ५ लाइव्हवर जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेच्या मदतीने असा प्रयोग केला होता, ऐकणाऱ्याला कॉम्प्युटरवर एक स्लायडर दिला, एका टोकाला कॉमेंट्री आणि दुसऱ्या टोकाला कोर्टवरचा आवाज, आणि लोकांनी तो खरंच दोन्हीकडे सरकवला. म्हणजे आमच्या आईसारखे पण निघाले आणि आमच्या भावासारखे पण. दक्षिण कोरियात ३१ मे २०१७ ला जमिनीवरून येणारं अल्ट्रा एचडी प्रसारण सुरू झालं ते एमपेग-एच नावाच्या ऑडिओ सिस्टिमवर, त्यात ही सोय मुळातच आहे.

मग घोडं अडलं कुठे? जुन्या उपकरणांवर. तुमच्या हॉलमधला दहा वर्षांपूर्वीचा टीव्ही, कोपऱ्यातला ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर) होम थिएटर, गाडीतला स्टिरिओ, या बिचाऱ्यांना ऑब्जेक्ट म्हणजे काय हे माहीतच नाही. त्यांना आयतं ताट लागतं. वेगवेगळे आवाज आणि चिठ्ठी पाठवली तर चिठ्ठी वाचता येणार नाही, आणि मग एकतर काहीच वाजणार नाही किंवा नुसता पब्लिकचा गोंगाट वाजेल आणि कॉमेंट्री गायब. आणि जुनी उपकरणं म्हणजे थोडेथोडके लोक नाहीत, बहुतेक घरं तशीच असतात, टीव्ही बिघडल्याशिवाय कोण बदलतो? त्यात ज्यांना स्पष्ट आवाजाची सगळ्यात जास्त गरज, म्हणजे म्हातारी माणसं, त्यांच्याकडेच उपकरण सगळ्यात जुनं असतं. त्यामुळे हा प्रश्न इंजिनिअर लोकांनी शेवटी कधीतरी सोडवायचा आहे असं मला वाटत नाही, तो पहिला आहे.

यावरची युक्ती समजायची तर थोडं मागे जाऊ, कारण ती फार जुनी आणि फार सुंदर आहे.

१९५८ च्या सुमाराला स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या तेव्हा घरोघरी मोनो फोनो होते, एकच स्पीकर, एकच आवाज. दोन आवाजांची रेकॉर्ड त्यावर कशी वाजवायची? तर खाचेच्या एका भिंतीवर डावा आवाज कोरला आणि दुसऱ्या भिंतीवर उजवा, दोन्ही भिंती ४५ अंशात तिरप्या, आणि जुळणी अशी ठेवली की सुई आडवी हलेल ती डावा अधिक उजवा या बेरजेने, आणि खाली-वर हलेल ती दोघांच्या फरकाने. जुन्या मोनो पिकअपला फक्त आडवी हालचाल कळायची. त्याला बेरीज मिळाली, म्हणजे अख्खं गाणं मिळालं, आणि फरक नावाची काही गोष्ट त्याच खाचेत आहे हे त्याला कळलंच नाही. (एक खोट मात्र होती, जुनी कडक सुई खाली-वर लवायची नाही त्यामुळे ती स्टिरिओची खाच खरवडून काढायची. म्हणजे वाजायचं, पण रेकॉर्डचं नुकसान करून वाजायचं.)

१९६१ मध्ये अमेरिकेत एफएम स्टिरिओला मंजुरी मिळाली ती याच हिशोबाने. बेरीज नेहमीच्या जागी, १५ किलोहर्ट्झपर्यंत, जिथे जुना रेडिओ ऐकतो. फरक पार वर ३८ किलोहर्ट्झच्या आजूबाजूला, जिथे जुना रेडिओ बघतच नाही. आणि मध्ये १९ किलोहर्ट्झवर एक बारीकशी शिट्टी, नव्या रेडिओला सांगायला की बाबा रे, वरती अजून माल आहे. आकड्यात बघा, डावा ७ आणि उजवा ३ असेल तर बेरीज १० आणि फरक ४. जुन्या रेडिओने १० वाजवले, विषय संपला. नव्याने १० आणि ४ ची बेरीज १४, तिचं अर्ध ७, हा डावा, आणि १० मधून ४ गेले ६, त्याचं अर्ध ३, हा उजवा. काहीच हरवलं नाही. आजोबांचा एका स्पीकरचा ट्रान्झिस्टर जर स्टिरिओ एफएम स्टेशन पूर्ण वाजवत असेल तर ते या साध्या बेरीज-वजाबाकीमुळे.

आजचं सगळं याच दोन गोष्टींवर उभं आहे. जुन्याला पूर्ण तयार मिक्स द्यायचं, कमतरता वाटेल असं काही द्यायचं नाही. आणि ते मिक्स परत उलगडायची किल्ली अशा जागी ठेवायची जिथे जुन्याची नजर जात नाही.

डिजिटलमध्ये ही जागा कुठे असते? डॉल्बी डिजिटल घ्या, डीव्हीडीवर आणि सेट-टॉप बॉक्सवर असतं ते. त्याचं स्टँडर्ड १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात आवाज छोट्या छोट्या फ्रेममध्ये येतो, आणि फ्रेममध्ये एक सोय ठेवलेली होती, स्किप फील्ड. डिकोडरला, म्हणजे आवाज उलगडणाऱ्या भागाला, सांगितलेलं असतं की इथून पुढचे इतके बाइट सोडून दे आणि पुढे चालू लाग. तेव्हा तिथे भरायला फारसं काही नव्हतं. पण नियम होता की सोडून द्यायचं, म्हणून प्रत्येक डिकोडर बनवणाऱ्याने तो पाळला. वर्षानुवर्षांनी याच रिकाम्या कप्प्यांमध्ये नवा मेटाडेटा बसवता आला आणि जुनी मशिन्स काहीही तक्रार न करता तो ओलांडून जातात. एएसी नावाच्या आवाज दाबायच्या दुसऱ्या पद्धतीत अशीच फिल एलिमेंट नावाची जागा आहे. तिथे मात्र जुन्याला थोडी किंमत मोजावी लागते, तिच्या पुढच्या आवृत्तीत, एचई-एएसी मध्ये, वरच्या पट्टीतला आवाज परत उभा करायची माहिती त्या जागेत असते, त्यामुळे जुना डिकोडर ती सोडून देतो आणि गाणं वाजतं खरं पण उशीतून आल्यासारखं दबलेलं. वाजतं, पण चांगलं वाजतं का, हा प्रश्न प्रत्येक वेळी वेगळा विचारावा लागतो.

डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनसुद्धा आवाज देणारी ऑब्जेक्टवाली सिस्टिम, बऱ्याच स्ट्रीमिंगमधून घरी येते ती अशीच. थिएटरमध्ये ॲटमॉसला १२८ पर्यंत ट्रॅक असतात, घरी एवढे पाठवणं शक्य नाही, म्हणून जवळजवळचे आवाज गोळा करून डझनभर-पंधरा गठ्ठे करतात, आणि मग त्या सगळ्याचं एक पूर्ण ५.१ मिक्स बनवून तेच डॉल्बी डिजिटलच्या पुढच्या आवृत्तीत, डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, पाठवतात. डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टरसुद्धा त्या ५.१ मध्ये आहे, पाच स्पीकरमध्ये वाटून टाकलेलं. सोबत त्या लपलेल्या कप्प्यात माहिती जाते की या क्षणाला, या पट्टीत, या स्पीकरमधला एवढा वाटा हेलिकॉप्टरचा होता. जुना रिसीव्हर (होम थिएटरचा अँप्लिफायर) ५.१ वाजवतो आणि खूश. नवा रिसीव्हर ती माहिती वाचून हेलिकॉप्टर पुन्हा वेगळं काढतो आणि छताच्या स्पीकरकडे देतो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण दुकानात हे मुद्दाम कोणी सांगत नाही. ॲटमॉस लिहिलेलं आहे म्हणजे डायलॉगचा वेगळा स्लायडर मिळणार असं नाही. आवाज खोलीत कुठे ठेवायचा हे एक काम, आणि कुठला आवाज किती ठेवायचा हे ऐकणाऱ्याच्या हातात देणं हे दुसरं काम. दोन्हीसाठी ऑब्जेक्ट लागतात, पण पहिलं मिळालं म्हणून दुसरं मिळतंच असं अजिबात नाही, त्यासाठी कार्यक्रम बनवणाऱ्याने डायलॉगवर तशी खूण करून मुभा द्यावी लागते आणि तुमच्या डिकोडरने ती दाखवावी लागते.

आणि दुसरं काम जास्त अवघड आहे. का ते सांगतो, हा या सगळ्यातला माझा आवडता भाग आहे.

समजा जुन्यासाठी पूर्ण मिक्स पाठवलं, पब्लिक ६ आणि कॉमेंट्री ४, एकूण १०. शेजारी लपवून नुसती कॉमेंट्री पण पाठवली, ४. नवा टीव्ही १० मधून ४ वजा करतो, ६ उरतात, म्हणजे शुद्ध पब्लिक मिळालं, आता आईसाठी कॉमेंट्री दुप्पट करून ६ अधिक ८ वाजव, भावासाठी नुसते ६ वाजव. कागदावर झकास. पण पाठवताना आवाज दाबून लहान करावा लागतो, एमपीथ्री करतो तसा, आणि त्यात आकडे थोडे हलतात. १० चे झाले १०.३, आणि ४ चे झाले ३.९. वजाबाकी केली तर ६.४, म्हणजे ०.४ चा कचरा राहिला. आकडा लहान दिसतो, पण कानाला तो कसा ऐकू येतो माहितीये? कॉमेंटेटरचं भूत. कॉमेंट्री पूर्ण बंद केली तरी पब्लिकच्या मागे कोणीतरी भिंतीपलीकडून कुजबुजल्यासारखं, किरकिरं काहीतरी येत राहतं.

ते एवढं टोचायचं कारण असं की आवाज दाबणाऱ्या सगळ्या पद्धती एका गोष्टीचा फायदा घेतात, मोठ्या आवाजाखाली लहान आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ढोल वाजत असताना शेजारचा काय बोलतो ते कळत नाही, तसं. म्हणून एन्कोडर, म्हणजे आवाज दाबणारं मशिन, आपला सगळा कचरा मोठ्या आवाजाच्या सावलीत लपवतो, कॉमेंटेटर बोलत असताना त्याच्या आवाजाखाली. आणि आपण काय केलं, तर नेमका तो कॉमेंटेटर उचलून बाजूला ठेवला. सावली गेली, कचरा उघडा पडला. म्हणजे मिक्स दाबताना जे गृहीत धरलं होतं की हे असंच ऐकलं जाईल, तेच आपण मोडलं.

यावर एक मार्ग म्हणजे एन्कोडरने स्वतःच आधी उलगडून बघायचं, ऐकणाऱ्याकडे जाऊन काय उरणार आहे ते मोजायचं आणि जेवढी चूक आहे तेवढी दुरुस्ती पण सोबत पाठवायची. चांगला मार्ग आहे, पण बिट, म्हणजे डेटा, जास्त लागतात. दुसरा मार्ग २०१० मध्ये स्टँडर्ड झाला, एसएओसी म्हणतात, आणि त्यात कॉमेंट्री वेगळी पाठवतच नाहीत. पाठवतात फक्त हिशोब. आवाजाचे वेळेप्रमाणे आणि पट्टीप्रमाणे बारीक चौकोन पाडायचे, अगदी चौकटीच्या वहीसारखे, आणि प्रत्येक चौकोनात कोणाचा वाटा किती एवढंच लिहायचं. नवा टीव्ही तयार मिक्स घेतो आणि ज्या ज्या चौकोनात कॉमेंटेटरचं वजन जास्त आहे तो वर उचलतो, जिथे पब्लिकचं जास्त तो खाली करतो. एखादा साउंडवाला इक्वलायझरचे सगळे दांडे सेकंदाला कित्येक वेळा हलवतोय असं समजा. हिशोबच पाठवायचा म्हणून जागा अगदी कमी लागते, आणि जुन्याला तर अख्खं मिक्स मिळालेलंच आहे.

हे चालतं का? बोलण्यात चालतं, कारण आपण बोलतो ते तुकड्यातुकड्याने, शब्दांमध्ये फटी असतात, स्वर काही पट्ट्यांमध्ये जोरात असतात आणि बाकीच्या मोकळ्या, त्यामुळे बरेच चौकोन एकाच कोणाचे तरी असतात. पण एकाच चौकोनात दोघंही तेवढेच असतील, समजा छक्का लागलाय आणि कॉमेंटेटर आणि पब्लिक एकदमच ओरडताहेत, तर चौकोन उचलला की दोघं उचलले जातात. जेवढं जास्त ओढाल तेवढा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. म्हणूनच अशा सिस्टिममध्ये स्लायडरला दोन्हीकडे मर्यादा घालतात, कार्यक्रम बनवणाराच ठरवतो की इथपर्यंत सरकवू द्या. लोकांना वाटतं की कंपनी हात आखडता घेतेय. मला विचाराल तर ती मर्यादा योग्य आहे, खराब आवाज ऐकून माणूस एकदा वैतागला की तो स्लायडरकडे परत बघत नाही.

बऱ्याचदा मात्र ही सगळी कसरत न करता जुन्यासाठी वेगळी गाडी आणि नव्यासाठी वेगळी गाडी सोडतात. एमपेग-एच चा प्रवाह जुन्या टीव्हीला वाचताच येत नाही, त्यामुळे कोरियात जुनं एचडी प्रसारण शेजारी चालूच ठेवलं. म्हणजे जुन्या-नव्याची सांगड स्टेशनातच घालायची, काम एकदाच ऑब्जेक्टमध्ये करायचं आणि जुन्या प्रसारणासाठी त्याच ऑब्जेक्टचं एक नेहमीचं मिक्स काढायचं.

आणि स्टेशनात पण जुनी उपकरणं असतातच की! ओबी व्हॅनमधल्या तारा, राउटर, रेकॉर्डर, हे वर्षानुवर्षं वापरतात, त्यातून १६ ऑडिओ चॅनल जातात पण मेटाडेटा जायची खात्री नाही, मध्ये कुठलंतरी मशिन तो गाळून टाकतं. यावर एमपेग-एच वाल्यांनी जे केलं ते मला मनापासून आवडतं. त्यांनी मेटाडेटाचाच आवाज केला. जुन्या डायल-अप मॉडेममधून यायचा तसा किरकिराट, आणि तो सोळाव्या चॅनलवर साध्या ऑडिओसारखा सोडून दिला, कंट्रोल ट्रॅक म्हणतात त्याला. मधल्या मशिनला वाटतं हा पण कोणाचातरी माईक असेल, ते निमूट पुढे पाठवतं. कोणी लेव्हल थोडी कमी-जास्त केली तरी टिकतो, आणि रेकॉर्डिंग कापून जोडलं तर चिठ्ठी आपोआप आवाजाबरोबरच कापली-जोडली जाते. ज्याला चिठ्ठी कळत नाही त्याच्या हातून ती नेऊन पोचवायची असेल तर त्याला कळणाऱ्या रूपातच द्यायला हवी ना.

आता घरातली गोष्ट, आणि इथे मी स्वतः अडकलो होतो. आईसाठी साउंडबार आणला, टीव्हीला ऑप्टिकल वायरने जोडला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डायलॉग वाढवायचा पर्याय होता तो वाढवला, काडीचा फरक नाही. दुकानदाराने सांगितलं साउंडबारच बदला. दोन संध्याकाळी घालवल्यावर कळलं की टीव्हीचा ऑडिओ आउटपुट पासथ्रूवर होता. पासथ्रू म्हणजे टीव्ही येणारं पाकीट न उघडता तसंच साउंडबारकडे सरकवतो, मग टीव्हीमध्ये तुम्ही काहीही वाढवा, पाकीट उघडलंच नाही तर वाढणार काय? आउटपुट पीसीएम, म्हणजे उलगडलेला साधा आवाज, असा केला आणि लगेच फरक पडला, कारण आता टीव्ही स्वतः पाकीट उघडतो, आईच्या सेटिंगप्रमाणे मिसळतो आणि तयार आवाज वायरमध्ये टाकतो.

यातली गोम ही की ऐकणाऱ्याची आवड तिथेच लागू होते जिथे पाकीट उघडतं. म्हणून जुन्या घरात सगळ्यात सोपा उपाय हा की साखळीतल्या पहिल्या नव्या उपकरणाने, बॉक्स असेल नाहीतर टीव्ही, मिक्स करून टाकायचं आणि पुढच्या जुन्या अँप्लिफायरला नुसता तयार आवाज द्यायचा, त्याला ऑब्जेक्टचा पत्ता लागायची गरजच नाही. किंमत एवढीच की ऑप्टिकल वायरमधून साधा पीसीएम आवाज दोनच चॅनलचा जातो, ५.१ पाहिजे असेल तर तो परत डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबावा लागतो. एचडीएमआय वायरनेच टीव्हीचा आवाज साउंडबारकडे न्यायची सोय, एआरसी, २००९ मध्ये आली आणि ईएआरसी २०१७ मध्ये, ईएआरसीमध्ये बरीच जास्त जागा आहे. एमपेग-एच मध्ये अजून एक चांगली सोय आहे, टीव्ही पाकीट न उघडता त्याच्यावर एक चिठ्ठी चिकटवू शकतो की या घरात कॉमेंट्री वर हवी, आणि पुढचा साउंडबार ती वाचून तसं करतो. पण त्यासाठी साउंडबार पण नवाच लागतो.

भाषांचं पण सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते फार जवळचं आहे. २०२३ च्या आयपीएलचं स्ट्रीमिंग मराठी आणि भोजपुरी धरून बारा भाषांत होतं. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक भाषेचं पूर्ण मिक्स वेगळं करतात, म्हणजे तोच पब्लिकचा आवाज बारा वेळा. ऑब्जेक्टमध्ये पब्लिक एकदा आणि बारा कॉमेंट्री सुट्या. प्रसारणात, जिथे सगळं सगळ्यांना एकदम पाठवतात, तिथे यात प्रचंड बचत आहे. स्ट्रीमिंगमध्ये तुम्ही एकच भाषा ओढता, त्यामुळे तुमच्या डेटामध्ये फरक पडत नाही. आणि जुन्या फोनसाठी मिक्स सर्व्हरवरच करून पाठवता येतं, फोनला फक्त एक साधा स्टिरिओ ट्रॅक दिसतो.

आता तुम्हाला वाटेल की एवढं सोपं आहे तर साधे तयार ट्रॅकच का देत नाहीत, एक नेहमीचा आणि एक डायलॉग वर केलेला, म्हणजे भाषा बदलायचं बटण असलेला कुठलाही जुना टीव्ही तो वाजवेल. देतात! जर्मनीत डब्ल्यूडीआर या सार्वजनिक प्रसारण वाहिनीने फ्राउनहोफरबरोबर डायलॉग प्लस नावाने हेच करून बघितलं. त्यात जुन्या कार्यक्रमांचे सुटे माईक कुठे जपून ठेवलेले नसतात, म्हणून तयार मिक्समधूनच मशिन लर्निंगने बोलणं आणि बाकीचं वेगळं केलं, बाकीचं खाली घेतलं आणि दुसरा ट्रॅक बनवला. त्या वेळी २००० पेक्षा जास्त लोकांना ऑनलाइन विचारलं होतं, त्यातल्या साठीच्या वरच्या ९० टक्के लोकांनी सांगितलं की टीव्हीवरचं बोलणं समजायला बरेचदा किंवा खूपच वेळा त्रास होतो. नव्वद टक्के. हा आकडा वाचल्यापासून मी आईला कधी म्हणालो नाही की तुझंच लक्ष नसतं.

इंग्लंडमध्ये अंध प्रेक्षकांसाठी जे वर्णन देतात, म्हणजे दृश्यात काय चाललंय ते सांगणारा आवाज, त्यात हे दोन्ही मार्ग खूप आधीपासून शेजारी शेजारी आहेत. एका पद्धतीत वर्णनाचा आवाज सुटा येतो आणि सोबत सूचना येते की आता मूळ आवाज एवढा खाली घे, बॉक्स घरी मिसळतो. दुसऱ्यात सगळं मिसळून तयार ट्रॅक येतो, ज्या बॉक्सला मिसळता येत नाही त्याच्यासाठी. सुट्या आवाजाला जागा कमी लागते, तयार ट्रॅकला जास्त, पण तो कुठेही वाजतो.

आवाजाच्या एकूण पातळीचं थोडक्यात सांगतो. युरोपात कार्यक्रमाचा एकूण आवाज उणे २३ एलयूएफएस (कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) वर ठेवायचा नियम आहे, नाहीतर चॅनल बदलला की दचकायला होतं. पण घरी कोणी कॉमेंट्री ६ डेसिबल वर केली तर हा हिशोब बिघडतो, म्हणून एमपेग-एच सारखा डिकोडर तेवढं मोजून एकूण आवाज परत खाली घेतो. म्हणजे कॉमेंट्री वर जाते ती पब्लिकच्या तुलनेत, खोली दणाणत नाही. बाबांचा प्रश्न सुटतो तो इथे.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही पण जुना ५.१ रिसीव्हर आहे, त्यांच्याकडे एक गरिबाचा ऑब्जेक्ट आहेच. ५.१ मध्ये बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरमध्ये असतं, म्हणून रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन सेंटरची लेव्हल ३-४ डेसिबल वर करा, बस. मात्र हेच ५.१ टीव्हीच्या दोन स्पीकरवर वाजलं तर मधला आवाज ०.७०७ पट करून डाव्या-उजव्यात ओततात, मागच्या स्पीकरचा आवाज पण साधारण तसाच ओततात, आणि मग बोलणं आणि म्युझिक एकाच भांड्यात. त्यानंतर टीव्हीमध्ये जे क्लिअर व्हॉइस वगैरे नावाचं बटण असतं ते बिचारं अंदाजाने काम करतं, माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्या उचलतं, आणि त्या पट्ट्यांमध्ये ओरडणारं पब्लिक पण उचललं जातं.

मी बाबांचा कपाटावर टाकलेला जुना रिसीव्हर परत खाली काढला, त्याला एकच सेंटर स्पीकर आणि दोन बाजूचे लावले, सेंटर ४ डेसिबल वर. मालिका आणि पिक्चर, जिथे ५.१ येतं तिथे, आईला आता पहिल्यापेक्षा कमी आवाजात कळतात. मॅचला अजून तसा उपयोग नाही, आमच्याकडे मॅचचा आवाज स्टिरिओच येतो, त्यामुळे त्या दिवशी आई टीव्हीच्या जवळची खुर्ची घेते आणि भाऊ हेडफोन लावून फोनवर बघतो.